तीन खिडक्यांचं इंटरनेट

पद्मजाने दिल्लीतल्या हॉस्पिटलची नोकरी सोडली तेव्हा सगळ्यांना एकच कारण सांगितलं, की नानांकडे बघायला दिवसा घरात कोणीतरी हवं. ते खोटं नव्हतं. सासूबाई जाऊन चार महिने झाले होते. नाना म्हणजे तिचे सासरे शांताराम, वय चौऱ्याहत्तर, टेलिफोन खात्यातून असिस्टंट इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. उभं आयुष्य त्यांनी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आणि नंतर त्याच भागातल्या दोन खोल्यांच्या घरात काढलं होतं. तिथे सकाळी दूध आणायला निघालं तरी वाटेत पाच जणांशी बोलणं व्हायचं. दोन हजार बारा साली ते मुलासोबत नोएडाच्या एका नव्या सेक्टरात, बाराव्या मजल्यावर राहायला आले. चाळीस फ्लॅटच्या त्या टॉवरमध्ये संध्याकाळी दिवे लागायचे ते अकरा घरांत. पुष्कर, म्हणजे पद्मजाचा नवरा, सकाळी सातला गुडगावच्या ऑफिसला जायचा तो रात्री नऊला परतायचा. अकरा वर्षांची रसिका तीनपर्यंत शाळेत. दिवसभर घरात नाना आणि भिंती.

नोकरी सोडण्याचं दुसरं कारण पद्मजाने कोणाला सांगितलं नव्हतं. ती दमली होती. रेडिओलॉजिस्ट म्हणून सोळा वर्षं तिने अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या छातीचे, डोक्याचे, मणक्यांचे फोटो वाचले होते. घरी येताना मेट्रोत उभ्या उभ्या डोळा लागायचा. गाडी सिटी सेंटरला, शेवटच्या स्टेशनला थांबली की कोणीतरी विचारायचं, मॅडम, उतरायचं नाही का.

घरून करता येईल असं काम तिला लगेच मिळालं. गुडगावची एक कंपनी होती. डोंगरातल्या, बुंदेलखंडातल्या छोट्या हॉस्पिटलांत मशीन असायचं, पण फोटो वाचणारा डॉक्टर नसायचा. तिथले एक्स-रे आणि सीटी स्कॅन ही कंपनी इंटरनेटवरून पद्मजासारख्यांकडे पाठवायची आणि तासाभरात रिपोर्ट परत मागायची. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. मध्ये नानांचं जेवण, औषधं, रसिकाची बस. कागदावर सगळं बसत होतं.

बसलं नाही ते इंटरनेट. टॉवरमध्ये टेलिफोनची लाइन आली नव्हती, केबल आली नव्हती. बिल्डरच्या ऑफिसातला माणूस दर महिन्याला पुढचा महिना सांगायचा. पद्मजाकडे होतं ते मोबाइल कंपनीचं डोंगल, बोटभर लांबीचं, लॅपटॉपच्या कडेला खुपसायचं. मेल बघायला ते पुरायचं. पण छातीचा एक सीटी स्कॅन म्हणजे तीनशे-साडेतीनशे फोटो. ते उतरवून घ्यायलाच पाऊण तास जायचा. कंपनीतली कोऑर्डिनेटर विजयालक्ष्मी फोन करायची. ती कधी आवाज चढवत नसे, पण दर फोनमध्ये एकच गोष्ट सांगे, की पेशंट अजून टेबलवर आहे. पद्मजा त्या चढत जाणाऱ्या हिरव्या पट्टीकडे बघत बसायची. हॉस्पिटलात असायचं तसं दुपारचं जेवण पुन्हा उभ्यानेच होऊ लागलं.

मग तिने दुसऱ्या कंपनीचं डोंगल आणलं. पण दोन्ही एकदम लावली तरी लॅपटॉप एकच वापरायचा, दुसरं नुसतंच लुकलुकत राहायचं. दिवसभर ती एक काढून दुसरं लावायची, दुसरं काढून पहिलं लावायची. डायनिंग टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नाना पेपर घेऊन बसलेले असत. चार दिवस त्यांनी हे बघितलं आणि पाचव्या दिवशी विचारलं, की ही दोन्ही एकत्र का चालत नाहीत.

"होत नाही नाना तसं," पद्मजा म्हणाली. तिच्या आवाजात बोलणं संपवण्याची घाई होती.

नानांनी पेपर घडी करून ठेवला. ट्रंक एक्स्चेंजमध्ये त्यांनी बावीस वर्षं काढली होती. ते सावकाश सांगू लागले. दिल्ली-मुंबई बोलायला एकच लाइन असती तर शंभर माणसं एकामागे एक उभी राहिली असती. लाइनी अनेक होत्या आणि जी मोकळी असेल तिच्यावर पुढचा कॉल जायचा. एक माणूस दोन लाइनींवर बोलू शकत नाही, हे खरं. पण शंभर माणसं असतील तर लाइनी वाढवल्याचा उपयोग होतो.

"तुझा तो स्कॅन," त्यांनी विचारलं, "म्हणजे एक मोठा फोटो, की खूप लहान लहान?"

"तीनशे लहान."

"मग झालं तर. तीनशे माणसं आहेत. एका खिडकीवर कशाला उभी करतेस?"

पद्मजाला त्या क्षणी हसू आलं नाही, रागही आला नाही. समोरच्या स्कॅनचे साठ टक्के झाले होते. तिने बरं म्हटलं आणि विसरून गेली.

नाना विसरले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी रसिकाला शेजारी बसवून इंटरनेटवर वाचायला सुरुवात केली. रसिका टाइप करायची, नाना जाड भिंगाचा चष्मा लावून ओळ ओळ वाचायचे आणि अडलेला शब्द वहीत उतरवून घ्यायचे. आठवड्याने ते एकटे मेट्रोने नेहरू प्लेसला गेले. पद्मजाने नको म्हटलं होतं, पुष्करने फोनवरून नको म्हटलं होतं. संध्याकाळी ते परतले तेव्हा हातात एक खोकं होतं आणि चेहऱ्यावर धूळ. खोक्यात एक राउटर होता, ज्याला एकाच वेळी तीन-चार डोंगलं लावता येत. तिसरं डोंगलही त्यांनी येतानाच घेतलं होतं, तिसऱ्याच कंपनीचं. एकाच कंपनीची तीन घेतली तर मोबाइलच्या एका टॉवरवर तिघांची गर्दी होईल, असं त्यांचं म्हणणं.

पुढचे पंधरा दिवस घराची पार उलथापालथ झाली. तीन कंपन्यांचे तीन मोबाइल टॉवर तीन दिशांना होते. एकाचा सिग्नल स्वयंपाकघराच्या खिडकीत चांगला यायचा, एकाचा दिवाणखान्याच्या बाल्कनीत. तिसऱ्याचा सगळ्यांत भक्कम सिग्नल नेमका नानांच्या खोलीत होता. खोलीत म्हणजे खोलीबाहेर, कारण खिडक्यांना बिल्डरने उन्हासाठी चकाकणारी काच बसवली होती आणि तिच्या आत आलं की सिग्नल निम्मा व्हायचा. नानांनी लांब वायरी आणल्या. लांब वायरीत डोंगलपर्यंत पुरेशी वीज पोचत नाही हे कळल्यावर मध्ये विजेवर चालणारे छोटे डबे बसवले. वायरी भिंतीच्या कडेने, खिळ्यांत अडकवून, अगदी खात्यात शिकवतात तशा सरळ रेषेत नेल्या.

सगळं जोडलं आणि नवीनच भानगड निघाली. कंपनीच्या वेबसाइटवर पद्मजा लॉग-इन करायची आणि दोन मिनिटांत ती साइट तिला बाहेर काढायची. नाना तीन दिवस त्याच्यामागे होते. शेवटी त्यांना उमगलं. तीन डोंगलं म्हणजे तीन वेगळे पत्ते. साइटला वाटायचं, आत्ता एका पत्त्यावरून बोलणारी बाई क्षणात दुसऱ्या पत्त्यावरून कशी बोलते, म्हणजे कोणीतरी भामटा असणार. मग त्यांनी राउटरला सांगून ठेवलं, की लॉग-इन एकाच डोंगलवरून होऊ दे, फोटो मात्र तिन्हींवरून येऊ देत. लॉग-इनसाठी त्यांनी सर्वांत भरवशाचं डोंगल निवडलं, त्यांच्या स्वतःच्या खिडकीतलं.

त्या दिवशी महोब्याकडच्या एका बाईचा छातीचा स्कॅन चौदा मिनिटांत उतरला. पद्मजाने घड्याळ दोनदा बघितलं. नानांनी फक्त "ठीक आहे" म्हटलं आणि स्वतःसाठी चहा टाकायला गेले. पण चहा ओतताना ते कुठलंसं जुनं नाट्यपद गुणगुणत होते. सासूबाई गेल्यापासून तिने ते ऐकलं नव्हतं. त्या दुपारी दोघं टेबलाशी बसून जेवले, आमटी गरम असताना.

असे दिवस तीन आठवडे टिकले. पद्मजाचे रिपोर्ट लवकर येतात हे कंपनीच्या लक्षात आलं आणि विजयालक्ष्मीने जास्त स्कॅन पाठवायला सुरुवात केली. आधी रोज चार जास्त, मग सात, मग अकरा. नकार देण्यासारखं एकेक काही नव्हतं. प्रत्येकामागे एक माणूस टेबलवर होता. डिसेंबर लागेपर्यंत पद्मजा पूर्वीपेक्षा दुप्पट वाचत होती आणि सहाचे साडेसात वाजू लागले होते. संध्याकाळी डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत करड्या बरगड्या सरकत राहायच्या. नानांची औषधं ती आता डबीत भरून सकाळीच त्यांच्या उशाशी ठेवत होती. ताट झाकून ठेवत होती. घरात त्यांच्यासाठी थांबलेली ती त्यांना दिवसात एकूण किती वेळ बघते, हा हिशेब तिने केला नाही.

समोर दुसरा टॉवर उठत होता. दसऱ्याला तो सहा मजले होता, डिसेंबरात दहा, आणि नवीन वर्ष लागलं तेव्हा नानांच्या खिडकीच्या वर गेला. जसजसा तो वर आला तसतसा नानांच्या डोंगलचा सिग्नल त्याच्यामागे लपू लागला. ते डोंगल गेलं की पद्मजा सरळ बाहेर फेकली जायची. पुन्हा लॉग-इन, पुन्हा स्कॅन पहिल्यापासून. दोन-तीनदा असं झालं तेव्हा ती आपल्या खोलीतून, जिथे आता ती लॅपटॉप घेऊन बसायची, ओरडली होती, "नाना, गेलं हो!" पलीकडून काहीतरी हलवाहलव ऐकू यायची आणि लाइन परत यायची. नंतर नंतर ओरडावंही लागेना. लाइन जायची बंदच झाली. नानांनी काहीतरी केलं असणार, एवढंच तिने मनाशी म्हटलं.

जानेवारीत धुकं असं पडलं, की दुपारी बारापर्यंत समोरच्या टॉवरची क्रेनसुद्धा दिसत नव्हती. एका सकाळी शाळेची बॅग भरताना रसिका म्हणाली, "आई, आजोबा रात्रभर खांसत होते."

"खांसत नाही, खोकत," पद्मजा म्हणाली. "बांधकामाची धूळ आहे ना. सिरप देते त्यांना."

सिरप तिने दिलं. नानांनी मुकाट्याने घेतलं. पुढचे दोन दिवस भिंतीपलीकडून खोकला येत राहिला आणि ती ज्या आवाजाकडे लक्ष देत होती तो होता नवीन केस आल्याची लॅपटॉपची घंटी.

तिसऱ्या दिवशी, शुक्रवार होता, सकाळपासून लाइन एकदाही तुटली नाही. साडेअकरापर्यंत नऊ स्कॅन झाले. त्यांत चार न्यूमोनियाचे होते, थंडीचे दिवसच होते. पद्मजाला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं आणि नानांना ते सांगावं म्हणून ती उठून त्यांच्या खोलीत गेली.

खिडकी सताड उघडी होती. नाना खिडकीलगत खुर्चीवर बसले होते, अंगावर दोन शाली, डोक्याला मफलर, पायांवर ब्लँकेट. पडद्याचा दांडा त्यांनी काढला होता. दांड्याच्या टोकाला डोंगल बांधलं होतं आणि तो जाळीतून बाहेर, डाव्या अंगाला, जितका जाईल तितका काढला होता. दांड्याचं अलीकडचं टोक त्यांच्या उजव्या हातात होतं. खोलीत धुकं शिरलेलं होतं. तिने हाक मारली. त्यांनी मान वळवली, पण लगेच बोलले नाहीत. श्वास मध्येच तुटत होता.

"डावीकडे धरलं की येतं," ते म्हणाले. "बांधून राहत नाही. वाऱ्याने फिरतं."

पद्मजाने दांडा त्यांच्या हातातून घेतला. बोटं निळसर पडली होती. डांबिसपणे लपवलेलं काहीतरी सापडल्यासारखे ते जरा ओशाळून हसले. तिने मनगट धरलं आणि छातीकडे बघत श्वास मोजले, मिनिटाला चौतीस. कपाळ तापलेलं होतं. खिडकी लावली तेव्हा पलीकडच्या खोलीत लॅपटॉपने लाइन तुटल्याचा आवाज दिला. दहावा स्कॅन अर्ध्यावर राहिला होता. तो कोणाचा होता, त्याचं पुढे काय झालं, हे तिला नंतर पुष्कळदा आठवायचं; त्या वेळी आठवलं नाही.

वॉचमनच्या मदतीने तिने त्यांना खाली आणलं आणि सोसायटीतल्या एका ओळखीच्या टॅक्सीने जवळच्या हॉस्पिटलात नेलं. एक्स-रे निघाला. ओली फिल्म घेऊन तिथला डॉक्टर येईपर्यंत तिने ती स्वतःच ट्यूबलाइटकडे धरली. उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग पांढरा झाला होता. डावीकडेही सुरुवात होती. ही फिल्म कुठल्या अनोळखी गावातून आली असती तर तिने मिनिटभरात दोन ओळी लिहून पुढची उघडली असती. फिल्मच्या कोपऱ्यात नाव होतं, शांताराम, पुरुष, ७४. ती ते नाव वाचत उभी राहिली. मग डॉक्टरांनी फिल्म हातातून घेतली.

पुष्करला गुडगावहून पोचायला अडीच तास लागले. तो आला, तिने सगळं सांगितलं, खिडकीसुद्धा. तो नानांच्या पलंगाकडे बघत उभा राहिला. तो रागावला असता तर बरं, असं तिला वाटलं. मग तो म्हणाला, "मी पण घरीच असतो ना यार रविवारी. मला पण नाही दिसलं."

पहिले तीन दिवस वाईट गेले. नाना ऑक्सिजनवर होते आणि दोनदा भ्रमात त्यांनी पुष्करला ट्रंक बुकिंगची रांग किती झाली असं विचारलं. चौथ्या दिवशी ताप उतरला. सहाव्या दिवशी दुपारी ते उशीला टेकून बसले आणि पद्मजाने भरवलेली खिचडी निम्मी खाल्ली. वॉर्डच्या खिडकीतून त्या दिवशी ऊन आलं होतं.

तिने ठरवून ठेवलं होतं की शांतपणे विचारायचं. तसंच विचारलं. "नाना, किती दिवस धरून बसत होता?"

"रोज नाही. धुकं पडल्यापासून."

"मला सांगितलं का नाही? मी डॉक्टर आहे हो."

नानांनी नाकातली नळी सरळ केली. "तू उठून आली असतीस," ते म्हणाले. "तुझं काम बंद पडलं असतं. तुझा चेहरा मी रोज बघतो पद्मजा. ती पोरगी फोन करते तेव्हा कसा होतो तो. म्हटलं, तेवढं तरी माझ्याकडे असू दे." मग जरा थांबून, तिच्याकडे न बघता, "आणि खरं सांगू का, निवृत्त झाल्यापासून कोणी माझ्या भरवशावर काही ठेवलं नव्हतं. ती गेली त्यानंतर तर... दिवस कुठे ठेवायचा तेच कळत नव्हतं. नऊ वाजता ड्यूटी सुरू व्हायची. बरं वाटायचं."

पद्मजा त्यांना रागावणार होती, स्वतःला दोष देणार होती, माफी मागणार होती. यांतलं काहीच तिला जमलं नाही. तिने वाटी खाली ठेवली आणि त्यांचा हात हातात घेऊन बसली. लग्नानंतरच्या चौदा वर्षांत तिने तो कधी धरला नव्हता.

"आता ते स्कॅन कोण वाचतंय?" नानांनी विचारलं.

"दुसरं कोणीतरी. कोणी ना कोणी वाचतंच."

नानांचा चेहरा जरासा उतरला. एवढं जपलेलं काम दुसऱ्या कोणालाही जमतं, हे त्यांना आवडलं नसावं. तिलाही ते म्हणताना बरं वाटलं नव्हतं.

नवव्या दिवशी ते घरी आले. चालताना आता मध्येच थांबावं लागे, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की उजवं फुफ्फुस पूर्वीसारखं होणार नाही. पद्मजाने त्यांच्या खोलीतलं डोंगल काढलं, वायर गुंडाळली आणि खिडकीच्या फटीला चिकटपट्टी लावली. मग विजयालक्ष्मीला फोन केला. आपण फक्त सकाळी नऊ ते एक काम करू, सीटी स्कॅन दिवसाला चारच घेऊ, आणि ते आत्ता उशिरा होतील, कारण एक लाइन कमी झाली आहे. विजयालक्ष्मी नेहमीच्या सौम्य आवाजात म्हणाली, की पेशंटला थांबावं लागेल. पद्मजाने सांगितलं, की आपल्याला ते माहीत आहे, म्हणूनच ज्याला जास्त थांबता येत नाही तो स्कॅन दुसऱ्याकडे द्यावा.  मग विजयालक्ष्मीने विचारलं, तुमच्या घरी सगळं ठीक आहे ना. इतक्या महिन्यांत तिने असं पहिल्यांदाच विचारलं होतं. पद्मजाने सगळं सांगितलं नाही. सासरे आजारी होते एवढंच सांगितलं.

कामं कमी झाल्यावर थकवा उतरेल असं तिला वाटलं होतं. तसं झालं नाही. एक वाजता लॅपटॉप बंद केल्यावर तो उलट अंगभर जाणवायचा, आंबवलेल्या पिठासारखा वर यायचा. दुपारी ती नानांच्या खोलीत जमिनीवर चटई टाकून पडायची. नाना पलंगावर पेपर वाचायचे. बोलणं फारसं नसायचं. एकदा त्यांनी विचारलं, लॉग-इन आता कुठल्या डोंगलवर ठेवलं आहेस. तिने सांगितलं, बाल्कनीतल्या. नाना म्हणाले, ते दुपारी हमखास ढेपाळतं, स्वयंपाकघरातलं ठेव. तिने ठेवलं. त्यांचं बरोबर होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात टॉवरमध्ये एकदाची केबल आली. दोन माणसं आली, भिंतीला भोक पाडलं, एक वायर आत घेतली, पांढरा डबा ठोकला आणि वीस मिनिटांत निघून गेली. ती एक वायर तिन्ही डोंगलांच्या बेरजेपेक्षा चौपट वेगवान होती. छातीचा स्कॅन तीन मिनिटांत. पद्मजाने नानांना बघायला बोलावलं. ते आले, डब्याकडे बघितलं, वायर कशी वेडीवाकडी ठोकली आहे त्याबद्दल बोलले आणि पुन्हा खोलीत गेले. राउटर त्यांनी स्वतःच काढला, पुसला आणि खोक्यात घालून पलंगाखाली ठेवला.  विजयालक्ष्मीचा फोन आला, आता लाइन चांगली झाली असेल तर पूर्वीइतके स्कॅन पाठवू का. पद्मजाने चारच म्हटलं.

मे महिन्यात एका दुपारी दाराची बेल वाजली. डी टॉवरमध्ये राहणाऱ्या कुसुमावतीबाई आल्या होत्या, पासष्टीच्या, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या टॉवरमध्ये केबल अजून पोचली नव्हती. मुलगी मेलबर्नला होती, तिला दोन महिन्यांपूर्वी मुलगा झाला होता. रोज त्याला स्क्रीनवर बघायला बसलं की पोराचा चेहरा गोठून जायचा, आणि हलायचा तेव्हा तो कुणाच्यातरी मांडीवर झोपलेला असायचा. वॉचमनने सांगितलं होतं, सी टॉवरमधले आजोबा इंटरनेटं जोडून देतात.

पद्मजा त्यांना सांगणारच होती की नानांना बरं नसतं, ते आता असलं काही करत नाहीत. तोवर नाना मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी बाईंना आत बसवलं, नीट ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, की दोन डोंगलं जोडून याला उपयोग नाही. समोरासमोरचं बोलणं म्हणजे एकच संभाषण, ते एकाच वाटेने जातं. वाटा वाढवून ते जलद होत नाही. कुसुमावतीबाईंचा चेहरा पडला. नाना म्हणाले, "पण तुमच्या घरात चांगली जागा कुठे आहे, ते शोधून देता येईल. एखादी असतेच."

बाई पुढे गेल्या. नाना चपला घालू लागले. पद्मजाने त्यांच्याकडे बघितलं. बाहेर ऊन रणरणत होतं, दोन टॉवरमधलं अंतर त्यांना दोनदा थांबायला लावणारं होतं, आणि नको म्हणण्याची सगळी कारणं तिच्याकडे होती.

"मी येते बरोबर," ती म्हणाली.

"झोप की जरा. दुपारची तेवढीच मिळते तुला."

"येते मी."

ते सावकाश गेले. वाटेत नाना एकदा कडुनिंबाच्या कोवळ्या रोपाला लावलेल्या लोखंडी पिंजऱ्याला धरून उभे राहिले, एकदा लिफ्टसमोर. कुसुमावतीबाईंच्या घरी पंखा मोठ्याने फिरत होता. त्यांनी पन्हं दिलं. नानांनी लॅपटॉपला डोंगल लावलं आणि लॅपटॉप ताटासारखा हातांवर धरून ते एकेका खोलीत फिरू लागले. बाई मागून वायर सावरत होत्या. स्वयंपाकघर झालं, झोपायची खोली झाली. एका कोपऱ्यात थांबून ते स्क्रीनवरच्या सिग्नलच्या रेघा मोजायचे आणि बाईंना सांगायचे, इथे दोन, इथे तीन, पडदा सारा जरा.

पद्मजा सोफ्यावर बसली होती. नानांचा आवाज आतून येत होता, थोडा धापणारा, पण घाईचा नाही. तिने डोकं मागे टेकवलं. परक्या घरातल्या धुतलेल्या अभ्र्यांचा वास येत होता. करड्या बरगड्या आल्या नाहीत, काहीच आलं नाही.

चांगली जागा देवघराच्या बाजूच्या खिडकीत सापडली, पूर्ण पाच रेघा आल्या. मेलबर्नला फोन लागला. मुलगी दिसली, तिच्या कडेवरचं बाळ दिसलं, हात झाडत होतं, आणि हात खरोखर हलत होता. कुसुमावतीबाईंनी उभ्या उभ्याच स्क्रीनवरच्या त्या हाताला बोट लावलं. नानांनी त्यांना खुर्ची ओढून दिली आणि बाहेरच्या खोलीत आले.

सून झोपली होती. मान एका खांद्यावर कलली होती, पन्ह्याचा ग्लास हातातच होता. नानांनी तो अलगद काढून टीपॉयवर ठेवला. मग ते आत गेले आणि कुसुमावतीबाईंना हळू आवाजात म्हणाले, तुमचं बोलणं होऊ द्या सावकाश, मला अजून दोन खोल्या बघायच्या आहेत. दोन्ही खोल्या बघून झाल्या होत्या. ते त्या पुन्हा बघायला लागले.